चित्रपटांवरील कादंबऱ्यांचीही दखल घ्यावी

संपादक महोदय,

चित्रपटावर बेतलेली कादंबरी म्हणजे तिकीटबारीच्या यशावर काढलेले दुय्यम पुस्तक, हा समज 'एलियन' या परग्रहावरील हिंस्र प्राण्याच्या भयपट-मालिकेच्या कादंबऱ्या वाचल्यावर मला अन्यायकारक वाटतो. १९७९च्या मूळ चित्रपटाचे कादंबरीरूप लिहिताना ॲलन डीन फॉस्टर यांना त्या प्राण्याचे रूप दाखवलेच गेले नव्हते; त्यामुळे वर्णन अंधुक राहिले आणि माझी भीती उलट वाढली. २०१४ साली टिम लेबन यांनी नायिका रिप्लेच्या, पहिल्या व दुसऱ्या चित्रपटादरम्यान अवकाशयानात घेतलेल्या ५७ वर्षांच्या निद्रेच्या मध्येच एक संपूर्ण कथानक बसवले, पण पुढच्या चित्रपटाशी विसंगती नको म्हणून अखेरीस तिची स्मृतीच पुसली. ही पळवाट मला पटली नाही. मात्र त्याच वर्षीच्या ख्रिस्तोफर गोल्डन यांच्या 'रिव्हर ऑफ पेन'मध्ये, १९८६च्या दुसऱ्या चित्रपटात चित्रपटगृहातील प्रेक्षकांना केवळ उद्ध्वस्त दिसलेली अंतराळातील मानवी वसाहत नांदती होते, चिमुरडी न्यूट आईवडील आणि भावासह तिथे वावरते, आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळेच ते साधे घरगुती प्रसंग वाचताना जीव कासावीस होतो. आपल्या रविवार पुरवणीतील पुस्तक-परीक्षणांत अशा कादंबऱ्यांनाही जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे