यादी उलटी करून पाठवते आहे

कोथरूड, पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या डायरीतल्या यादीचा फोटो मिळाला. गिझाचे पिरॅमिड, माचू पिचू, पेट्रा, अंगकोर वाट आणि अगदी तळाला, कागद उरला म्हणून लिहावं तसं, हंपी आणि वेरूळ. आई, तुझाही निरोप पोचला: "देव नसलेली देवळं बघायला एवढा खर्च कशाला?"

यादी मी तळापासून वाचायचं ठरवलंय. कारण तुमचे गुडघे. चढण आहे तिथे आधी जायचं असं लोक म्हणतात, पण तुमची चढायची वेळ आता टळली आहे हे मान्य करा. पिरॅमिडच्या आतली वाट वाकून चढायची. माचू पिचू सुमारे 2,400 मीटरवर, आणि त्याआधी मुक्काम करायचं कुस्को त्याहून हजारभर मीटर उंच. तुमच्या बीपीच्या गोळ्या घेऊन मी तिथे येणार नाही. पेट्राला नुसत्या घळीतूनच किलोमीटरभराच्या वर चालायचं आणि तेवढंच परत यायचं. अंगकोर मात्र ठेवलंय, बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने ते विष्णूसाठी बांधलं, म्हणून आईही येईल. तिथला सगळ्यात वरचा टप्पा शिडीसारखा उभा आहे, तो आपण खालूनच बघू.

आता जरा खिशातल्या नव्या नोटा काढा आणि मागची बाजू बघा. दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर गुजरातेतल्या पाटणची पायऱ्यांची विहीर, राणीची वाव, दोनशेवर सांची. रोज भाजीवाल्याला आपण हंपी देतो आणि सुट्टे म्हणून वेरूळ परत घेतो. बघितलंय यातलं काय?

सुरुवात हंपीपासून. बार्शीहून सोलापूर, विजापूर आणि पुढे होस्पेट. वाटेत गोलघुमट लागतो. 1565 च्या तालीकोटच्या लढाईनंतर विजयनगर, म्हणजे आजचं हंपी, ज्यांनी लुटलं, त्या सुलतानांत विजापूरचा आदिलशहाही होता. म्हणजे आधी जिंकणाऱ्याची राजधानी, मग हरलेल्याची. बाबा, तुम्हाला इतिहासात हेच तर आवडतं. विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे चालायचं भय नाही.

आई, त्या मंदिराचा गाभारा रिकामाच आहे. पण का रिकामा, हे तुला कोणी सांगायची गरज नाही. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला आणि नाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला, हे तू लहानपणापासून कीर्तनात ऐकलंस. इतिहासवाले यावर मान डोलावतीलच असं नाही. पण देव तिथे नाही म्हणून देऊळ बघायचं नाही, हे निदान तुझ्या तोंडी शोभत नाही. तो तिथून निघाला म्हणून तर आपली वारी आहे!

वेरूळ त्यापेक्षाही सोपं. कैलास, म्हणजे सोळावं लेणं, रस्त्याच्या पातळीवरच आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात ते एकाच खडकात वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, शेवटी पायथा. चूक झाली तर तुकडा जोडायची सोय नाही. (आमच्या सोसायटीची गच्ची चौथ्यांदा गळते आहे, ते जाऊ द्या.) जवळच घृष्णेश्वर आहे. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं ते देऊळ देवासकट आहे, तेव्हा आईची तक्रार मिटली. शिवाय वेरूळ हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांचं.

सांचीला पुढच्या वर्षी नेईन. तिथल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुखियाचं नाव कोरलंय. म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनांचं काम तिथपर्यंत गेलेलं. हे तुम्ही स्वतः वाचायचं, मी फोटो दाखवणार नाही.

पण त्याआधी पुण्याला या. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला तुमचे पाय तपासू. तेही राष्ट्रकूट काळातलंच कोरीव काम, आणि बाहेरचा नंदीमंडप गोल आहे, तसा मी दुसरीकडे बघितलेला नाही. रिक्षा दारापर्यंत जाते. एकवीरेच्या ओढीने आई कार्ल्याच्या पायऱ्या चढेलच, मग शेजारच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहात तिला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला असलेल्या दिसतील. बाबा, तुम्ही खाली चहा घ्या. रागवू नका.

कार्तिकी झाली की निघायचं, थंडी चांगली असते. तुम्ही दोघं बसून तारखा ठरवा आणि दादाला विचारून कळवा. मंगळवार सोडा, वेरूळ त्या दिवशी बंद असतं. आणि आईच्या बुटांचं माप धाडा. चपलांवर ती कुठेच येणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

तुमची,
शुभा