'ज्वेल थीफ' दुसऱ्यांदा पाहताना: मित्रास पत्र

ठाणे

प्रिय विश्वास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरची सर्व मंडळी खुशाल असल्याचे वाचून बरे वाटले. इकडेही सारे ठीक आहे. पत्राच्या शेवटी तू रहस्यपटांविषयी जे लिहिले आहेस त्याने मात्र मला स्वस्थ बसू दिले नाही. ज्या चित्रपटाचा सगळा जीव शेवटच्या उलगड्यात असतो, तो एकदा पाहिला की रस काढून घेतलेल्या उसाच्या चिपाडासारखा होतो आणि पुन्हा पाहणे म्हणजे वेळ दवडणे, असे तुझे म्हणणे. मला ते मुळीच पटलेले नाही. गेल्या रविवारी मी 'ज्वेल थीफ' पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत पाहिला आणि तेव्हापासून तुला लिहायचे घोळत आहे. आपण दोघांनी तो कॉलेजात असताना मॅटिनीला एकत्र पाहिला होता, त्यामुळे शेवट सांगून तुझा विरस करण्याचा प्रश्नच नाही. मी सरळ शेवटापासूनच सुरुवात करतो.

देव आनंदने रंगवलेल्या विनयसारखा हुबेहूब दिसणारा, रत्नचोर म्हणून गाजणारा प्रिन्स अमर नावाचा माणूस मुळी अस्तित्वातच नाही आणि खरा चोर म्हणजे अशोक कुमारांनी रंगवलेला अर्जुन सिंग, हा तो उलगडा. हे ठाऊक असताना 1967 सालचा हा चित्रपट पाहू लागलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच एक प्रश्न मनात उभा राहिला. अमर आहे, यावर आपण विश्वास ठेवला तरी कशाच्या आधारावर? पडद्यावर त्याचा पुरावा काय होता? काहीच नव्हता. चार लोक विनयला अमर म्हणून हाक मारतात, एवढ्यावर आपण आणि आपल्याबरोबर सारे थिएटर त्या अमरच्या मागे धावत सुटलो.

तो विश्वास आपण घरूनच घेऊन गेलो होतो, असे मला आता वाटते. एकाच चेहऱ्याची दोन माणसे ही हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला लहानपणापासून पाजलेली गोष्ट आहे. खुद्द अशोक कुमारांनी 1951 साली 'अफसाना'मध्ये दुहेरी भूमिका केली होती. 'ज्वेल थीफ' काढणाऱ्या नवकेतन या देव आनंदच्याच चित्रसंस्थेच्या 'हम दोनों'मध्ये 1961 साली देव आनंद कॅप्टन आणि मेजर अशा दोन रूपांत दिसला होता. ज्या वर्षी 'ज्वेल थीफ' आला त्याच वर्षी दिलीप कुमारांचा 'राम और श्याम' गाजत होता. अशा प्रेक्षकाला 'तुझ्यासारखाच दिसणारा आणखी एक जण आहे' असे सांगितले की तो पुरावा मागत नाही, दुसरा देव आनंद कधी समोर येतो याची वाट पाहत बसतो. दिग्दर्शक विजय आनंद यांनी ही सवय ओळखली आणि संपूर्ण कट तिच्यावर उभा केला. अर्जुन सिंगच्या टोळीने नसलेला अमर उभा करून पोलिसांना ज्या रीतीने फसवले, नेमक्या त्याच रीतीने दिग्दर्शकाने आपल्याला फसवले. ही जुळणी पहिल्या खेपेस कळणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा आपण स्वतःच फसवल्या जाणाऱ्यांत होतो.

यातली सचोटी बघ. दुहेरी भूमिकेच्या चित्रपटात दिग्दर्शकाचा मानाचा क्षण कोणता असतो? दोघे एका चौकटीत समोरासमोर येतात तो. 'ज्वेल थीफ'मध्ये विनय आणि अमर एकत्र दिसतील असा एकही शॉट नाही आणि असणे शक्यही नव्हते. हा केवढा मोठा धागा आपल्या डोळ्यांसमोर लोंबत होता! कुणी चाणाक्ष प्रेक्षक मध्यंतरात म्हणाला असता की, इतका वेळ झाला तरी दुसरा का दाखवत नाहीत, तर त्याला अर्धे रहस्य तिथेच उलगडले असते.

आता मेजवानीचे ते दृश्य आठव, ज्यात विनयला सर्वांसमक्ष बूट काढावा लागतो. मी ते परवा लागोपाठ दोनदा पाहिले. अर्जुन सिंग आणि त्याची बहीण म्हणून आलेली शालिनी त्या मेजवानीत येतात, शालिनी विनयला पाहते आणि हाच माझा वाग्दत्त वर अमर, असा आरोप करते. विनय नाकारतो. प्रकरण हातघाईवर येते तेव्हा अमरची खूण पुढे केली जाते: त्याच्या पायाला सहा बोटे आहेत. मग भरल्या मेजवानीत विनयला बूट काढायला लावतात, मग मोजा, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पायावर खिळतात. दृश्य मुद्दाम रेंगाळवले आहे, कारण विनयच अमर असावा हा संशय तोवर आपल्याही मनात पेरून झालेला असतो. पायाला पाचच बोटे निघतात आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो.

त्या श्वासाबरोबर आपण काय मान्य करून बसतो, ते दुसऱ्या खेपेस दिसते. विनय अमर नाही हे सिद्ध झाले, म्हणजे अमर कुणी तरी दुसरा आहे, हेही न बोलता सिद्ध झाल्यासारखे वाटते. ज्या परीक्षेने विनय निर्दोष ठरला, त्याच परीक्षेने एका नसलेल्या माणसाला जन्माला घातले आणि त्याच्या पायाला सहावे बोटही चिकटवून दिले. सहा बोटांचा तपशील इतका विचित्र आणि इतका नेमका आहे की तो कुणी रचला असेल अशी शंकाच येत नाही. खोटे बोलणारा माणूस साधीसुधी खूण सांगेल, असे आपण गृहीत धरतो. विश्वास, तू आयुष्यभर कोर्टात साक्षीदार तपासलेस. नेमक्या तपशिलाने साक्ष कशी खरी वाटू लागते, हे तुला मी काय सांगावे? त्या एका दृश्याच्या रचनेसाठी मी विजय आनंद यांना आपल्याकडच्या रहस्यपटांच्या दिग्दर्शकांत पहिले स्थान देतो. 'गाईड'मुळे त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते योग्यच आहे, पण पटकथेच्या कारागिरीत 'ज्वेल थीफ' त्याच्याहून तसूभरही कमी नाही.

या खेपेस माझी नजर देव आनंदपेक्षा अशोक कुमारांवरच खिळून राहिली. त्या सुमारास ते पन्नाशी ओलांडलेले, साऱ्या चित्रसृष्टीचे दादामुनी, म्हणजे थोरले बंधू, होते. वडीलधारा, विश्वासू, समंजस माणूस हवा असला की त्यांच्याकडे जायचे, अशी रीत पडून गेली होती. 1943 सालच्या 'किस्मत'मध्ये त्यांनी पाकीटमार रंगवला होता आणि कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला होता, पण त्या चोरावरही लोकांनी प्रेमच केले. अशा नटाला खलनायक करून तो चेहरा शेवटपर्यंत लपवायचा, यातही पुन्हा आपलीच सवय वापरलेली आहे. अर्जुन सिंगच्या भूमिकेत ते काहीच जास्तीचे करत नाहीत. कुठे तिरका कटाक्ष नाही, कुठे अर्थपूर्ण हसू नाही. ज्याच्या बहिणीला कुणी फसवले आहे अशा थोरल्या भावाचा संताप ते पूर्ण प्रामाणिकपणे दाखवतात, कारण अर्जुन सिंगलाही तो तसाच दाखवायचा असतो. पात्र अभिनय करत आहे आणि नट त्या पात्राचा अभिनय जराही उघडा पडू देत नाही, ही दुहेरी कामगिरी ओळखायची असेल तर चित्रपट दुसऱ्यांदाच पाहावा लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात फक्त एक चांगला सहायक नट दिसतो.

असेच पुढे विनय अमर बनून टोळीत शिरतो त्या भागाचे आहे. पहिल्या वेळी आपला जीव टांगणीला लागतो की, हा आता पकडला जाणार. आता पाहताना कळते की, ज्या ज्या बाया त्याला 'अमर' म्हणून गळ्यात पडून ओळख देतात, त्यांना हा अमर नाही हे पक्के ठाऊक आहे, कारण अमर नाहीच. विनयला वाटते मी यांना बनवतो आहे. प्रत्यक्षात सारे त्याला बनवत आहेत. हेलनच्या नाचाकडेसुद्धा त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

आता वैजयंतीमालेच्या शालिनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या मॅटिनीहून परत येताना आपला वाद तिच्यावरूनच झाला होता. ती अर्जुनची बहीण नाही आणि तिच्या धाकट्या भावाला ओलीस ठेवून तिच्याकडून हे नाटक करून घेतले जात आहे, हे कळल्यावर तू म्हणाला होतास की, मग तिचे प्रेमही नाटकच असणार. (तो धाकटा भाऊ म्हणजे आपला सचिन पिळगांवकर. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधल्या त्या पोराला इथे पाहून मला आजही तितकाच आनंद झाला.) तुझ्या त्या म्हणण्याला आता माझ्याकडे उत्तर आहे आणि ते गाण्यांत आहे. 'रुलाके गया सपना मेरा' पहिल्यांदा ऐकताना ते अमरने टाकून दिलेल्या वाग्दत्त वधूचे दुःख वाटते. पण अमर नाही म्हटल्यावर ते दुःख कुणाचे? शैलेंद्र यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले ते एकच गाणे. चित्रपट येण्याआधी, 1966 च्या डिसेंबरात ते गेले. बाकी गाणी मजरूह सुलतानपुरी यांची. त्या गाण्यातला हुंदका मला खोटा वाटत नाही. ज्याला फसवायला सांगितले आहे त्याच्यावरच जीव जडलेला, धाकटा भाऊ शत्रूच्या हाती आणि तोंडातून एक अक्षर काढण्याची मुभा नाही, अशा बाईचे ते रडणे आहे. नाटकाच्या आडोशाला तिला खरे रडता येते, इतकेच.

आणि 'होठों में ऐसी बात'! नृत्य म्हणून तर ते विलक्षण आहेच. भरतनाट्यमची साधना केलेले ते शरीर, सचिनदेव बर्मन यांचा तो ताल, लताबाईंचा आवाज, मधूनच भूपिंदरची 'ओ शालू' ही साद, आणि तिच्याबरोबर घुमत राहणारा कॅमेरा. पण गाण्याचे शब्द लक्षात घे. ओठांत दडवून ठेवलेली गोष्ट बाहेर पडली तर अनर्थ होईल, असे ती सर्वांसमक्ष गाते आहे. इतर चित्रपटांत असे शब्द प्रेमाच्या गुपिताविषयी असतात. इथे ते अक्षरशः खरे आहेत. इतक्या वर्षांत ते गाणे रेडिओवर किती वेळा ऐकले असेल, पण कथेच्या गाभ्याशी ते असे गुंतलेले आहे हे परवा जाणवले.

सगळेच उत्तम आहे, असे मी म्हणणार नाही. विजेचे झटके देऊन विनयला त्याची ओळख विसरायला लावण्याचा जो भाग आहे तो मला कच्चा वाटला. आधीच्या दोन तासांत फसवणूक निव्वळ बोलण्यातून आणि वागण्यातून होत होती. तिथे अचानक यंत्र आणावे लागले, याचा अर्थ पटकथेला तेवढ्यापुरता मार्ग सापडला नसावा. शेवटची धावपळही आटोपशीर हवी होती. कथेच्या उत्तरार्धासाठी सिक्कीममधल्या गंगटोकची निवड मात्र पूर्ण सार्थ आहे. सिक्कीम तेव्हा भारताच्या संरक्षणाखालचे, चोग्याल राजाचे वेगळे राज्य होते, भारतात ते 1975 साली विलीन झाले. विनयला, मुंबईच्या पोलीस कमिशनरच्या मुलाला, अशा परक्या राजवटीत, डोंगरधुक्यात एकटे पाडले की, कोणावर विसंबावे हा प्रश्न आपोआप तीव्र होतो.

तनुजाच्या अंजूवर, म्हणजे जवाहिऱ्याच्या मुलीवर, मात्र अन्याय झाला आहे, हे तुझे जुने मत मी आता मान्य करतो. 'रात अकेली है'मध्ये आशाबाईंच्या कुजबुजत्या आणि मग एकदम उसळणाऱ्या आवाजाला ती ज्या धिटाईने साथ देते ती पाहिल्यावर, कथेत तिला इतके कमी काम का, असे वाटतेच. साऱ्या प्रमुख पात्रांत मनात काही न लपवता वावरणारी ती एकटीच आहे, त्यामुळे या कथेला तिचा उपयोग राहिला नाही.

तेव्हा तुला एक आग्रहाची विनंती आहे. सुलभावहिनींना घेऊन हा चित्रपट पुन्हा पाहा आणि या खेपेस मेजवानीच्या दृश्यात विनयच्या पायाकडे न पाहता अर्जुन आणि शालिनीच्या चेहऱ्यांकडे पाहा. पाच बोटे निघतील हे त्या दोघांना आधीच माहीत आहे. शालिनीच्या चेहऱ्यावर जे उमटते तो ठरवून दिलेला धक्का आहे, की निरपराध माणसाला भर सभेत खाली पाहायला लावल्याची शरम, याचा निर्णय मला तुझ्याकडून हवा आहे. माझ्या मते ती शरम आहे आणि तिच्या प्रेमाची सुरुवात तिथेच होते. तुझे मत वेगळे असेल तर कारणांसह लिही. उत्तराची वाट पाहतो.

सुलभावहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मनोहर