मुलांच्या दुःखालाही पुस्तक हवे

महोदय,

घरातले माणूस गेले की तेरावा होईपर्यंत घर नातलगांनी भरलेले असते. मोठी माणसे एकमेकांजवळ रडून मोकळी होतात, आणि मुलांना मात्र 'आजोबा देवाघरी गेले' एवढेच सांगून शेजारी खेळायला पाठवले जाते. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नागपुरात आईवडील गमावलेल्या मुलांशी काय बोलावे, हे शाळांतही कोणाला सुचत नव्हते. म्हणून त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, न्यूझीलंडच्या के. ओनील यांच्या 'द टी ड्रॅगन टॅपेस्ट्री' या ग्राफिक नॉव्हेलकडे, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीकडे, मला पालकांचे व ग्रंथपालांचे लक्ष वेधायचे आहे.

या कथेतील चिमुकल्या ड्रॅगनांच्या अंगावर चहाची पाने उगवतात आणि तो चहा पिणाऱ्याला ड्रॅगन व त्याला सांभाळणारे माणूस यांच्या सहवासातील आठवणी दिसतात. लोहारकाम शिकणाऱ्या ग्रेटाकडे आलेला जिनसेंग हा ड्रॅगन मात्र आधीच्या मालकाच्या मृत्यूने खचला आहे आणि तिने कितीही माया केली तरी तो लवकर सावरत नाही. त्याला लवकर सावरायला लावण्याचा मोह लेखणीने टाळला आहे, हेच मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ वाटते. इथे कोणी खलनायक नाही, लढाई नाही. स्वतः ग्रेटा आणि जुन्या आठवणी हरवलेली तिची मैत्रीण मिनेट यांनाही पुढच्या आयुष्याची वाट शोधायची आहे, त्यामुळे शोक आणि बदल या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहत नाहीत. मालिकेतला हा तिसरा भाग असल्याने आधीचे दोन वाचलेले असले तर बरे.

'मुलांना असले दुःखाचे कशाला?' असे विचारणाऱ्यांनी १९३५ पासून आपण मुलांच्या हाती देत आलेली 'श्यामची आई' आठवावी. तिचा शेवट आईच्या मृत्यूनेच होतो. शिवाय ग्रेस यांच्या कवितेतील दुःखाचा अभिमान बाळगणाऱ्या या शहराने मुलांच्या दुःखाबाबत इतके संकोचण्याचे कारण नाही.

मराठी प्रकाशकांनी या मालिकेचा अनुवाद करावा, आपल्या चित्रकारांनी असे स्वतंत्र लेखन हाती घ्यावे, आणि तोवर शहरातील वाचनालयांनी व शाळांनी मूळ पुस्तके बालविभागात ठेवावीत. आपल्या बालपुरवणीतही अशा पुस्तकांना नियमित जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर