जिमी स्पीअर्सला अर्धा रकाना द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

क्रीडा पुरवणीत फुटबॉल विश्वचषकातल्या संघांची ओळख वाचली. स्कॉटलंडच्या वाट्याला मोजून तीन वाक्यं आली आहेत. 2022 पर्यंत आठ वेळा पात्र ठरले, एकदाही पहिली फेरी ओलांडली नाही, ही पहिली दोन. ती बरोबर आहेत. ‘त्यापलीकडे नाव घ्यावं असं फारसं काही नाही’ या तिसऱ्या वाक्यासाठी हे पत्र.

मी इचलकरंजीचा. शिक्षण कोल्हापुरात झालं, त्यामुळे शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांच्या मागे ओरडूनच मोठा झालो. 1979 साली लोकरी कापडाच्या विणाईचं शिक्षण घ्यायला इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला गेलो. माझे घरमालक गिरणीत लोकर निवडायच्या कामावरून निवृत्त झाले होते. त्यांच्या बैठकीत येशूच्या तसबिरीशेजारी 1911 च्या ब्रॅडफर्ड सिटी संघाचा फोटो होता. पहिल्याच रविवारी मला त्यासमोर उभं करून त्यांनी एका माणसावर बोट ठेवलं. तो जिमी स्पीअर्स.

स्पीअर्स 1886 साली ग्लासगोत जन्मला. रेंजर्सकडून खेळला, मग वर्षभर क्लाइडकडून. इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीत मधल्या खेळाडूच्या शेजारी खेळणारा. मार्च 1908 मध्ये डंडीला वेल्सविरुद्ध स्कॉटलंडचा शर्ट अंगावर चढला. सामना 2-1 असा जिंकला, पण तो शर्ट पुन्हा कधी मिळाला नाही. तुमच्या पुरवणीच्या मापानं त्याची कारकीर्द इथेच संपते: आंतरराष्ट्रीय सामने, एक.

1909 साली तो ब्रॅडफर्डला आला. हा क्लब मुळात रग्बीचा. 1903 मध्ये रग्बी सोडून फुटबॉलकडे वळलेला. आठ वर्षांत तो एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला आणि कप्तान होता स्पीअर्स. त्या वर्षी बर्नलीविरुद्धच्या सामन्याला व्हॅली परेड या क्लबच्या मैदानावर 39,146 माणसं आली होती. त्या मैदानावर तेवढी गर्दी आजवर परत झालेली नाही.

अंतिम फेरीत समोर न्यूकॅसल. आदल्या वर्षीचे विजेते, शिवाय 1905, 1907, 1909 असे तीनदा लीग जिंकलेले. क्रिस्टल पॅलेसला 22 एप्रिलला गोलच झाला नाही. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर सामना पुन्हा खेळवला. पंधराव्या मिनिटाला स्पीअर्सनं हेडर मारला, गोल झाला, आणि शेवटपर्यंत तेवढाच राहिला. माझ्या घरमालकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण वडिलांकडून ऐकलेला तो गोल सांगताना ते खुर्चीतून उठून मान झटकून दाखवायचे. दोन वर्षांत मी तो गोल निदान वीस वेळा पाहिला.

आता स्कॉटलंडच्या योगदानाबद्दल. त्या दिवशी ब्रॅडफर्डच्या अकरा जणांत आठ स्कॉटिश होते. ज्याला चकवून गोल झाला, तो न्यूकॅसलचा गोलकीपर जिमी लॉरेन्सही ग्लासगोचाच. हा योगायोग नव्हे. चेंडू घेऊन एकट्यानं मुसंडी मारायची, ही इंग्लिश रीत. तो आपापसांत पास करत पुढे न्यायचा, हा खेळ ग्लासगोच्या क्वीन्स पार्कनं रुजवला. 1872 साली पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात अंगानं थोराड इंग्लंडला स्कॉटलंडनं 0-0 असं रोखलं, तेव्हा त्यांचा सगळा संघ या एकाच क्लबचा होता. पुढे इंग्लिश क्लब पगार देऊन स्कॉटिश खेळाडू आणू लागले. लोक त्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणत. आज टीव्हीवर आपण ज्या पासिंगला टाळ्या वाजवतो, त्याचे मास्तर हे.

एक गोष्ट सांगायची राहिली. नवा एफए कप त्याच वर्षी घडवला होता आणि तो घडवणारी फॅटोरिनी ही पेढी ब्रॅडफर्डचीच. गावच्या पेढीनं केलेला कप पहिल्याच वर्षी गावी आला! त्यानंतर ब्रॅडफर्ड सिटीला तो पुन्हा मिळालेला नाही.

1912 च्या डिसेंबरात लीड्स सिटीनं स्पीअर्ससाठी 1,400 पौंड मोजले. घेणारा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन, पुढे आर्सेनलला मोठं करणारा. हे पैसे अर्थातच क्लबला गेले. खेळाडूच्या पगारावर तेव्हा कमाल मर्यादा होती, 1901 साली ती आठवड्याला चार पौंड ठरली होती. आजच्या खेळाडूंच्या कमाईवर तुम्ही पानभर मजकूर देता, त्यात हेही कधी यावं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. मे 1915 मध्ये, हंगाम संपल्यावर काही आठवड्यांतच, तो कॅमेरॉन हायलँडर्स या पलटणीत भरती झाला. सक्तीची भरती अजून सुरू व्हायची होती. बायको होती, दोन मुलं होती, घरी थांबला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. 1916 साली तो फ्रान्सला गेला. जखमी झाला, सार्जंट झाला, शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळालं. 20 ऑगस्ट 1917 रोजी बेल्जियममधल्या पाशेनडेलच्या लढाईत तो मारला गेला. वय 31. घरी कळलं ते एवढंच, की बेपत्ता. देह सापडला 1919 साली, लढाई संपून दोन वर्षं झाल्यावर. ती दोन वर्षं त्या बाईनं कशी काढली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

1999 साली वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला पॅरिसला गेलो होतो. दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा रेल्वेनं बेल्जियममधलं ईपर गाठलं. तिथून जवळच डोची फार्मची दफनभूमी आहे. चहूकडे शेतं. निम्म्याहून जास्त दगडांवर नावच नाही, ‘देवाला ठाऊक असलेला’ एवढंच कोरलेलं. स्पीअर्सचा दगड शोधायला मला अर्धा तास लागला. घरमालक तोवर वारले होते. त्यांच्या वतीनं मी तिथे उभा राहिलो आणि आपल्या पद्धतीनं हात जोडले. त्याच्या संघातला बॉब टॉरन्स, 1911 च्या त्या सामन्यात सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मध्यावर, भक्कम उभा राहिलेला, तोही 1918 साली ईपरच्याच परिसरात गेला.

माझी विनंती अशी. येत्या 20 ऑगस्टच्या अंकात स्पीअर्सवर अर्धा रकाना छापा. फोटो जुन्या संघाचा टाका, कप घेतलेला एकट्याचा नको, कारण आठ जणांची गोष्ट त्याशिवाय दिसायची नाही. आणि पुरवणीतलं ते तिसरं वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वस्त्रोद्योग अभियंता,
इचलकरंजी