पारोळ्याच्या सरांना, आमच्या सातवीच्या वर्गाकडून

सर, नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले असते तर तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून "ताई, त्यात काय एवढं" म्हणाला असता आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, ते पाळलंय. पण पारोळ्याकडच्या गणिताच्या एका सरांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी काय केलं, हे लोकांना कळायलाच हवं.

आधी थोडं कडू बोलते. ते पोटात ठेवून आभार पुरते मानता येणार नाहीत.

ऑनलाइन गटचर्चा, समस्या सोडवण्याचे तास, हे सगळं आम्ही तुमच्याआधीही खूप ऐकलं होतं. त्यावर दिवसभराचं प्रशिक्षण झालं. शेकडो शिक्षक एका लिंकवर, सगळ्यांचे माइक बंद, आणि एकच माणूस संध्याकाळपर्यंत बोलत राहिला. चर्चा कशी घ्यायची हे शिकवताना कुणाला तोंड उघडू दिलं नाही, याचा मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. मी चॅटमध्ये विचारलं, वर्गात एकच टीव्ही आहे, मोबाइल माझा एकटीचा, मग गट कसे चालवायचे? उत्तर आलं, "स्थानिक पातळीवर मॅनेज करा आणि फोटो आजच अपलोड करा." जॅमबोर्ड या गूगलच्या ऑनलाइन फळ्यावर चिठ्ठ्या चिकटवायला शिकवलं होतं. २०२४ च्या अखेरीला जॅमबोर्ड बंद झाला, पण त्याऐवजी काय वापरायचं हे सांगायला कुणी फिरकलं नाही. आणि टीव्हीचं तर बोलायलाच नको. गावाने वर्गणी काढून तो घेतला, विकणाऱ्याने सोबत व्हिडिओंचं पॅकेज गळ्यात मारलं आणि पैसे हातात पडल्यावर फोन उचलणं बंद केलं. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आयाबापांनी दिलेले पैसे होते ते.

आपली ओळख निवडणूक ड्यूटीवरची, तीही जेवणाच्या रांगेतली. मी सहज म्हटलं, गणित विचारलं की माझी मुलं खाली बघतात. दुसऱ्या कुणी अभ्यास घ्या, सराव घ्या असा सल्ला दिला असता. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे केळी आहे ना? माझ्या पोरांना केळीतलं ओ का ठो कळत नाही, आमच्याकडे सगळा कापूस. दोन्ही वर्ग समोरासमोर बसवू या." आणि पुढच्याच आठवड्यात तुमचा फोन आला.

तांत्रिक बाजू सांगत बसत नाही. माझा हॉटस्पॉट, गूगल मीट आणि एक शीट, एवढंच भांडवल. शीटमध्ये प्रत्येक गटाला चार रकाने होते: काय विचारलंय, कसं करणार, काय केलं, पुन्हा तपासलं का. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये मांडलेले हे चार टप्पे आहेत, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. मुलांना तुम्ही नाव आणि साल पाठ करायला न लावता नुसते रकाने भरायला दिलेत, हे मला फार आवडलं. आणि एक नियम घातलात: दुसऱ्या गटाला "चुकलं" म्हणायचं नाही, "कसं काढलं?" असं विचारायचं.

प्रश्न तुमचाच होता. एक एकराचं शेत, १९८ फूट रुंद, २२० फूट लांब. पाच बाय पाचवर केळी लावायची, तर रोपं किती मागवायची? तुमच्या वर्गाने ४३,५६० ला २५ ने भागलं आणि १,७४२ सांगितलं. आमच्या एका गटाने फरशीवर खडूने ठिपके मांडले. १९८ फुटांत पाच-पाच फुटांची ३९ अंतरं बसतात, म्हणजे ओळी ४०. तसंच दुसऱ्या बाजूने एका ओळीत रोपं ४५. गुणाकार १,८००. दोन शाळा, दोन उत्तरं, आणि दोन्हीकडून आरडाओरडा सुरू. पण "कसं काढलं?" विचारायची सक्ती होती, त्यामुळे वाद शेतावरच राहिला. अंतरांपेक्षा ठिपका एकाने जास्त असतो, ही गोष्ट मी फळ्यावर अनेकदा सांगितली असेल. त्या दिवशी ती मुलांनी एकमेकांच्या गळी उतरवली.

मग ते घडलं, ज्यासाठी हे पत्र आहे.

आमची एक मुलगी मागच्या भिंतीला टेकून बसते. घरी पावरी, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली बोलते, आईवडील केळीच्या बागेत कामाला जातात. ती गटात हळूच काहीतरी म्हणाली आणि शेजारच्या पोराने तिला गप केलं. मोबाइल त्या गटाजवळ होता, त्यामुळे तापीच्या पलीकडे तुम्हाला ते ऐकू गेलं. "मागे कुणीतरी बोललं, तिला बोलू द्या," तुम्ही म्हणालात. तुमच्या वर्गातला एक मुलगा उत्तर सांगायला उठला, त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलंत. आणि थांबलात. मला ती शांतता सोसवेना, तिच्या वतीने आपणच बोलून टाकावं असं वाटत होतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गावर्गांत मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं, तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

ती म्हणाली, बांधाला चिकटून रोप कुणी लावत नाही. चारही बाजूंनी पाच फूट सोडतात, घड घेऊन माणूस निघायला पाहिजे. अर्धं पावरीत, अर्धं मराठीत.

तुम्ही म्हणालात, "थांब बेटा, जरा हळू सांग. मला लिहून घ्यायचंय."

खिशातलं पेन काढलंत, वही उघडलीत, आणि सगळ्या मुलांसमोर, टीव्हीवर दिसेल असं, ती बोलत गेली तसं लिहीत गेलात. मध्ये विचारलंत, "पाच फूट चारही बाजूंनी ना?" ती हो म्हणाली. मग लिहिलेलं तिला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "बरोबर लिहिलं का मी?"

सर, त्या मुलीचं नाव हजेरीत आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे, पोषण आहाराच्या नोंदीत आहे. पण तिने सांगितलेलं वाक्य एखाद्या मोठ्या माणसाने कागदावर उतरवून घ्यावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तुम्ही शाबास म्हणाला असता, टाळ्या वाजवायला लावल्या असत्या, तर ती लाजून परत भिंतीला टेकली असती. तुम्ही तिच्याकडून शिकलात आणि शिकताय हे लपवलं नाहीत. त्यात नाटक नव्हतं, तुम्हाला केळीतलं ते खरंच ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर सातवीतल्या पोरीसमोर वही उघडायला मन मोठं लागतं.

एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, वेगवेगळ्या वंशांची मुलं एका वर्गात आल्यावर तणाव वाढला तेव्हा, धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. प्रत्येकाकडे बाकीच्यांना हवं असलेलं काहीतरी राहील अशी सोय केली. आमच्या वर्गात तो तुकडा आधीपासूनच होता. तो मागच्या भिंतीजवळ बसला होता, आणि मागायला तुम्ही आलात.

मग शेत १८८ बाय २१० झालं. ओळी ३८, ओळीत रोपं ४३, एकूण १,६३४. गुणाकार कुणी केला माहीत आहे? तिला गप करणाऱ्या त्याच पोराने. शीटमधली तिन्ही उत्तरं तुम्ही तशीच ठेवायला लावलीत आणि प्रत्येकासमोर "हे कुठल्या शेतासाठी खरं?" असं लिहून घेतलंत.

दोन दिवसांनी तिचे वडील कामावरून थेट शाळेत आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "मॅडम, पोरगी सांगते सरांनी तिचं बोलणं वहीत लिहून घेतलं. खरं का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "त्यांच्या स्वतःच्या वहीत?" पुढे काय बोलावं ते त्यांनाही सुचेना, मलाही.

आपल्या खानदेशात अमळनेरला १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते, हे आपण भाषणांत सांगतो. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. रोजच्या रोज, मुलांसाठी, स्वतःच्या हाताने. आज त्यांच्या जयंतीला हार घालायला सगळे पुढे असतात, पण मुलांसाठी पेन हातात घेणारे कमी उरलेत असं मला वाटू लागलं होतं. प्रशिक्षणं, परिपत्रकं, फोटो यांच्या रेट्यात माणूस तसा होतोच. तुमच्यामुळे कळलं की अशी माणसं आहेत, फक्त ती गाजावाजा करत नाहीत. ती आपल्या वर्गात असतात, स्वतःच्या नेटपॅकवर दुसऱ्याच्या वर्गातल्या मुलांसाठी वेळ काढतात आणि आभार मानू देत नाहीत. अशा माणसांचा सत्कार होत नाही म्हणून मला वाईट वाटतं. निदान त्यांच्याबद्दल लिहावं तरी.

पुढचा तास कापसाचा आहे आणि तिथे तुमची पोरं जाणकार. दिवसाला एक माणूस किती वेचतो, पहिल्या वेचणीत किती आणि शेवटच्या वेचणीत किती, यावर आमच्याकडे आतापासून वाद चाललाय. या वेळी वही माझी मुलं उघडतील, तशी सगळ्यांनी नवीन पानं आखून ठेवलीत. आणि हिवाळ्यात सगळा वर्ग घेऊन वांग्याच्या भरताला या. बागेचा मालक हो म्हणालाय, भाकरी गावातल्या बाया करणार आहेत. येताना मोजपट्टी आणा. तुमच्या १,७४२ वाल्या गटाने बांधापासून अंतर स्वतः मोजून बघायचंय असं शीटमध्ये लिहून ठेवलंय.

मनापासून आभार, सर.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक शिक्षिका