थोरेन्स काढायचे की ठेवायचे

पुणे
दि. १४ नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, ते टर्नटेबलाच्या एका रबरी बेल्टमुळे. तो जर्मनीहून मागवला होता आणि परवा संध्याकाळी एकदाचा हाती आला. तो बसवून पाहिल्याशिवाय तुला काही लिहायचे नाही असे मी ठरवले होते. "पन्नास वर्षांचे ते यंत्र किती दिवस खोलून बसणार आहेस, एकदाचे नवे का घेत नाहीस?" या तुझ्या प्रश्नाचे उत्तर काकांच्या आठवणी काढून द्यायचे नव्हते, आणि त्या बाबतीत आपण दोघेही फारसे भरवशाचे नाही.

काकांनी हे थोरेन्स टीडी १६० जर्मनीत असताना १९७४ साली घेतले, तेव्हा ते मॉडेल बाजारात येऊन दोनच वर्षे झाली होती. कंपनी मूळची स्वित्झर्लंडची, १८८३ साली संगीतपेट्या बनवण्यापासून सुरू झालेली. हे टर्नटेबल मात्र जर्मनीतल्या लार गावी बनले. झाकणाला गेलेला तडा तुला आठवत असेलच, कारण त्यावर चहाची किटली तूच ठेवली होतीस. परवा खालचा पत्रा काढून आत पाहिले, तर बिघडण्यासारखे तिथे फार थोडे आहे. एक लहानशी मोटर, तिच्यापासून आतल्या चाकाला जाणारा बेल्ट, सुमारे तीन किलोची थाळी, तिच्या दांड्याचे एक बेअरिंग आणि तीन स्प्रिंगा, एवढाच संसार. थाळी आणि आर्म (सुई धरणारी भुजा) ही दोन्ही त्या तीन स्प्रिंगांवर तरंगतात आणि मोटर बाहेरच्या चौकटीला बसवलेली असते, त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत पोहोचायची तर तिला त्या लवचीक रबरातूनच यावे लागते. ही युक्ती थोरेन्सची नव्हे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ च्या सुमारास आपल्या एआर (अकूस्टिक रिसर्च) टर्नटेबलात ती आणली आणि पुढे अनेकांनी उचलली. इतक्या साध्या रचनेचे यंत्र केवळ जुने झाले म्हणून काढावे, हे मला पहिल्यापासूनच पटत नव्हते. पण पटत नाही म्हणून ठेवावे, हेही बरोबर नव्हते.

तक्रार सुरू झाली ती पावसाळ्यात. एका तबकडीच्या सुरुवातीच्या तानपुऱ्यातच षड्ज हलताना ऐकू आला. सतारीचा झाला किंवा तबल्याची लग्गी चालू असताना वेगातला लहान दोष कानाआड होतो, तानपुरा मात्र काहीच झाकत नाही. चार तारा एका सुराभोवती फिरत असतात आणि तो सूर केसभर जरी वर-खाली झाला तरी बसल्या जागी पोटात कालवल्यासारखे होते. मोटर गेली असे मी धरून चाललो, आणि त्याच आठवड्यात एका दुकानदाराकडून नव्या टर्नटेबलाचा भावही काढून आणला, पंच्याऐंशी हजार.

त्या रात्री झाकण उघडून मी आर्मच्या टोकाकडे नुसता बघत बसलो. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला ते टोक किंचित आत येई आणि किंचित बाहेर जाई, खाडीत नांगरलेल्या होडीसारखे. तेहतीसच्या वेगाने (म्हणजे मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे) एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो, आणि षड्जाचे हेलकावेही नेमके त्याच लयीत येत होते. म्हणजे दोष त्या तबकडीतच होता. तिचे मधले भोक मध्यावर पाडलेलेच नव्हते. दुसरी तबकडी लावली तेव्हा तानपुरा जागच्या जागी होता. असे भोक कानशीने जरासे मोठे करून तबकडी नजरेने मध्यावर आणता येते म्हणतात. मला अजून तेवढा धीर झालेला नाही. पण ते पंच्याऐंशी हजार मोजले असते, तरी नव्या टर्नटेबलावर तोच षड्ज तसाच हलला असता.

तरीही काकांचे यंत्र पूर्ण निर्दोष सुटले असे समजू नकोस. वेग तपासायची जुनी ठिपक्या-रेघांची स्ट्रोबची चकती काढून थाळीवर ठेवली. घरातल्या एलईडी दिव्यांखाली तिच्या रेघा नीट दिसत नाहीत, म्हणून सगळे दिवे मालवून एक्स्टेन्शन बोर्डावरच्या लाल निऑन इंडिकेटरच्या उजेडात मी गुडघ्यांवर बसून त्या पाहिल्या. (सौ. ने दारातून विचारले की हा नवीन कोणता जप.) आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे तेहतीसच्या वर्तुळात १८० रेघा असतात, आणि वेग अचूक असेल तर त्या स्थिर दिसतात. सेकंदाला एक रेघ मागे सरकली की वेग एक टक्का कमी, असा सरळ हिशेब आहे. माझ्या सेकंदाला दीड रेघ मागे जात होत्या, म्हणजे गाणे जवळजवळ पाव पट्टी उतरले होते. जुना बेल्ट सैल पडून चकचकीत झाला होता आणि बेअरिंगमधले तेल गुळाच्या काकवीसारखे घट्ट. परवा दांडा आणि मोटरची पुली स्पिरिटने पुसली, नवे तेल घातले, नवा बेल्ट चढवला. आता एक रेघ सरकायला सहा-सात सेकंद लागतात. मला ते पुरे आहे.

रेघा मोजताना अण्णांची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? १९९६ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे महिनाभर राहिले होते. सकाळी याच टर्नटेबलावर तबकडी लावून ते शेजारी पेटी घेऊन बसत, आणि पेटी बरोबर जुळे. संध्याकाळी तीच तबकडी, तीच पेटी, आणि अण्णा चिडून म्हणत की तुझे यंत्र उतरले. मी लगेच स्ट्रोबची चकती ठेवून त्यांना रेघा दाखवी. त्या जागच्या हलत नसत. अण्णा त्या रेघांकडे न पाहताच म्हणत, "रेघांना कान आहेत का?" त्या वयातल्या माणसाशी वाद नको म्हणून मी गप्प बसे. खरे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले. ही मोटर सिंक्रोनस जातीची आहे, तिचा वेग ग्रिडच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याच्या, फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, आणि तेव्हा संध्याकाळच्या भाराखाली ती फ्रिक्वेन्सी पन्नासच्या बरीच खाली घसरत असे. साडेअठ्ठेचाळीसवर आली की गाणे तीन टक्के, म्हणजे अर्धी पट्टी उतरणार. पण दिव्याची लुकलुकही त्याच विजेवर चालत असल्याने तीही तेवढीच मंदावणार, आणि रेघा निवांत स्थिर दिसणार. स्ट्रोब आणि मोटर दोघेही एकाच ताटातले जेवणारे, ते एकमेकांविरुद्ध साक्ष कशी देतील? खोलीत वेगळ्या घरची साक्षीदार एकटी अण्णांची पेटी होती.

म्हणूनच मेव्हण्याने न्यू जर्सीहून त्याचे वापरात नसलेले टर्नटेबल फुकट पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा मी मोटरचा प्रकार आधी विचारला. तीही सिंक्रोनस, आणि पुली तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठीची. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मर लावून सुटतो, फ्रिक्वेन्सीचा सुटत नाही; ते इथे चालवले तर तेहतीसचे अठ्ठावीसही उरत नाहीत, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही जरा खाली गाऊ लागतात. पुली बदलता येते, पण ती शोधत बसण्यात फुकटपणा संपतो.

नव्यापैकी मनापासून मोह झाला तो टेक्निक्सच्या एसएल-१२०० चा. तेही १९७२ चेच अपत्य. २०१० साली त्याचे उत्पादन थांबले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यात बेल्ट नाही, मोटर थेट थाळीखाली, आणि आताच्या यंत्रांत वेगाचा ताबा घड्याळात असतो तशा क्वार्ट्झ स्फटिकाकडे, त्यामुळे ग्रिड वर असो की खाली, त्याला सोयरसुतक नाही. १९९६ साली हा युक्तिवाद मला निरुत्तर करून गेला असता. आज मात्र ग्रिड ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. त्यातला खालचा आकडा धरला तरी फरक ०.२ टक्क्यांचा, आणि तो अण्णांनीसुद्धा सोडून दिला असता.

खरा पैसा मी खर्च करणार आहे तो सुईवर. हिऱ्याची सुई झाली तरी तिचे आयुष्य साधारण पाचशे ते हजार तासांचे, आणि माझी त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. झिजलेली सुई यंत्राला नव्हे तर तबकडीला खाते, आणि ती पुन्हा मिळत नाही. कार्ट्रिज (ज्यात सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतले घ्यायचे ठरवले आहे. हा आर्म जुन्या पद्धतीचा, जड, सोळा-साडेसोळा ग्रॅम प्रभावी वजनाचा. त्यावर फार मऊ झुल्याची, सहज लवणारी सुई बसवली तर दोघे मिळून इतक्या कमी कंपनसंख्येवर डोलू लागतात की वाकलेली तबकडी आली की सुई नाचते. हे डोलणे आठ ते बारा हर्ट्झच्या दरम्यान असावे, आणि या जोडीचे माझ्या गणिताने नवाच्या आसपास येते. चांगला आर्म बसवून घे असेही दोघाजणांनी सुचवले. त्या आर्मची किंमत सबंध टर्नटेबलाहून जास्त निघाली, तेव्हा तो विषय तिथेच संपला. अँप्लिफायरमधली गुणगुण अर्थिंगची तार घट्ट केल्यावर गेली.

नवे मी घेईन, पण केव्हा ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तू मला पकडू शकशील. बेअरिंगचा दांडा बाजूला हलू लागला किंवा मोटर जळली, तर. परवा दांडा बोटांनी हलवून पाहिला. अजून तरी तो तसूभर हलत नाही.

राहिली तुझ्याकडची अण्णांच्या तबकड्यांची ट्रंक, आणि तीच तुझ्या पत्रातली सर्वांत वजनदार बाजू आहे हे मला मान्य आहे. त्यातल्या ७८ च्या तबकड्या माझ्या थोरेन्सवर लागत नाहीत, त्याला तेहतीस आणि पंचेचाळीस हे दोनच वेग. टेक्निक्सच्या सध्याच्या मॉडेलावर त्या लागल्या असत्या. पण व्हीएम९५ च्या त्याच कार्ट्रिजला ७८ साठी रुंद टोकाची वेगळी सुई मिळते, ती हाताने ओढून बदलता येते. तबकडी पंचेचाळीसवर वाजवून संगणकात उतरवायची आणि तिथे वेग पावणेदोन पटीला जरा कमी इतका वाढवायचा. आवाजाचा समतोल थोडा बिघडतो, तो तिथेच सुधारावा लागतो. चाळीस तबकड्यांसाठी मला एवढा उपद्व्याप चालेल. त्या काळी ७८ हा आकडाही सर्वत्र काटेकोर पाळला जात नसे, त्यामुळे त्या तबकड्यांवरच्या खाँसाहेबांची पट्टी नेमकी कोणती हे शेवटी कानानेच ठरवावे लागेल.

तेव्हा नाताळच्या सुटीत येशील तेव्हा ट्रंक घेऊन ये. तबकड्या उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस, आणि धूळ दिसली तरी स्पिरिट लावू नकोस; त्या लाखेच्या आहेत, स्पिरिटमध्ये विरघळतील. अण्णांची पेटीही आण. भाता फाटला असेल तर निघण्यापूर्वी मिरजेतच दुरुस्त करून घे, इथे मला त्यातला कोणी माहीत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर