पायलट अखेर प्लॉटरचं ऐकायला लागला

प्रिय मित्रा,

इतके दिवस पत्र नाही, रागावला असशील. रागाव. तब्येत ठीक, गुडघा बरा. पण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर नुसती मान डोलावतील, म्हणून तुलाच लिहितोय.

बोटीचं सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट प्लॉटरला, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या पडद्याला, जोडला! दोघांची बोलायची भाषा एकच, एनएमईए 0183, बोलायचा वेगही दोन्हीकडे 4800 बॉड, तरी पायलटवर 'नो डेटा'. भांडलेल्या भावांसारखे शेजारी बसून गप्प. एका मॅन्युअलात तारांना ए-बी म्हटलंय, दुसऱ्यात प्लस-मायनस. दोन तारांची अदलाबदल केली आणि आकडे धावायला लागले. तरी ट्रॅक मोड, म्हणजे आखलेल्या रेषेवरून चालणं, धरेना. प्लॉटर बोटीची जागा पाठवत होता, पण 'एपीबी' हे त्या भाषेतलं वाक्य, म्हणजे पायलटसाठीचा संदेश, मेनूत बंद होतं. रेषेपासून किती सरकलो, पुढच्या बिंदूची दिशा कोणती, हे पायलटला त्यातून कळतं.

तू म्हणायचास, पायलटनं फक्त होकायंत्र धरावं. नानांसमोर केवढे भांडलो होतो! मी अजूनही म्हणतो, तुझं चूक. प्रवाह बोटीला आडवी नेतो आणि होकायंत्राचा आकडा तोच राहतो. काल बोटीचं तोंड रेषेपासून जरा तिरकं होतं आणि बोट मात्र रेषेवरून सरळ चालली होती. तू हवा होतास रे.

पण आता घोर लागलाय तो धाकट्याचा. त्याला रात्री एकट्यानं बोट न्यायचीय. म्हणतो, "आता मशीन बघतंय ना!" मशीन काय बघतंय? त्याला रेषा कळते. रेषेवरचा खडक, जाळं, नांगरलेली बोट यातलं काही कळत नाही. आणि हा पठ्ठ्या नकाशा लहान करून एका फटक्यात रेषा ओढतो. तेवढ्यात छोटे खडक पडद्यावरून गायब झालेले असतात! प्रत्येक टप्पा मोठा करून टोकापासून टोकापर्यंत तपासायला नको? बिंदू आला की पायलटनं आवाज द्यावा आणि बटण दाबल्यावरच वळावं, असं मी लावून ठेवलंय. त्याला तेही आपोआप हवंय. सतत पहारा ठेवा, हा टकरी टाळण्याच्या नियमांतला पाचवा नियम. पायलट लावला म्हणून त्यातून सुटका नाही. हे सांगितलं की तो हसतो.

तुझं तो ऐकतो, लहानपणापासून. त्याला सविस्तर लिही. माझं नाव घेऊ नकोस.

घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार. पत्र आधी त्याला, मग मला.

तुझाच